साठ सेकंदांत माणूस: जेश्चर ड्रॉइंगचा सराव आणि एकमेकांची तपासणी

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या कुणालाही माणूस काढायला सांगा. आधी डोक्याचा गोल येईल, मग मान, मग खांदे. असं वरून खाली उतरत पावलांपाशी पोचेपर्यंत कागद संपलेला असेल. स्मरणचित्रातली माणसं अशीच काढायची सवय लागते: बाह्यरेषा धरून, तुकड्यातुकड्यानं, मधूनमधून खोडत. परीक्षेपुरतं ते चालून जातं, ए ग्रेडही मिळते. पण त्या चित्रातली पाणी भरणारी बाई पाणी भरत नसते, भरल्याचा आव आणून उभी असते.

जेश्चर ड्रॉइंग हा या सवयीवरचा उतारा आहे. शरीर काय करतंय, कुठं झुकलंय, वजन कशावर आहे, जोर कुठून निघून कुठं चाललाय, तेवढंच मोजक्या रेषांत पकडायचं. नाकडोळे, बोटं, शर्टाची बटणं यातलं काही नाही. कला महाविद्यालयांत ‘रॅपिड स्केचिंग’ म्हणतात ते याच्या जवळचं, पण त्या नावामुळं एक गैरसमज होतो. लोक हात भरभर चालवायला लागतात. घड्याळ लावायचं ते हाताला पळवायला नव्हे. साठच सेकंद आहेत म्हटल्यावर काय सोडायचं हे ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हाच सराव. हात नेहमीच्याच गतीनं चालू द्या, रेषा कमी काढा.

साहित्य आणि बैठक

कागद भरपूर आणि स्वस्त हवा. न्यूजप्रिंटचा ए-३ पॅड मिळाला तर उत्तम, नाहीतर ऑफिसातले पाठकोरे कागद किंवा जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजू. महागडं स्केचबुक या कामात आड येतं. पान वाया जाईल या धास्तीनं हात आखडतो. आकृती कागदावर वीतभर उंच तरी हवी. अंगठ्याएवढ्या आकृतीत सगळंच बरोबर वाटतं, कारण चूक दिसायला जागाच नसते.

पेन्सिल ४बी ते ६बी, किंवा चारकोल पेन्सिल. टोक कटरनं काढा, शिसं सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर राहील असं. शार्पनरच्या आखूड टोकानं पेन्सिल आडवी धरून काढता येत नाही. बॉलपेनही चालतं. खोडता येत नाही हाच त्याचा गुण. खोडरबर दप्तरात राहू द्या.

कागद टेबलावर आडवा ठेवू नका. आडव्या कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो, म्हणून तो आखूड दिसतो, आणि ती कसर भरून काढायला हात नकळत वरचा भाग लांबवतो. कागद उभा धरून पाहिला की डोकं नि धड मोठं, पाय बुटके. ‘माझे पाय नेहमी आखूड होतात’ ही तक्रार पुष्कळदा एवढ्याच कारणानं असते. परीक्षेला नेतात तो क्लिपचा पॅड घ्या, खालची कड मांडीवर ठेवा आणि वरची समोरच्या खुर्चीच्या पाठीला टेकवा.

पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरली तर फक्त बोटं चालतात, आणि रेषा दोनेक इंचांपलीकडं जात नाही. मागं धरा, तळव्याखाली आडवी, आणि हात खांद्यातून फिरवा. पहिला आठवडाभर रेषा भरकटतील. भरकटू द्या. रोज सुरुवातीला दोन मिनिटं रद्दी कागदावर कागदभर लांबीच्या रेषा ओढा: सरळ, एकाच बाजूला वळणाऱ्या, आणि मध्येच वळण बदलणाऱ्या. प्रत्येक रेषा एका दमात.

एक चित्र, सेकंदासेकंदानं

मालानं भरलेली हातगाडी चढावर चढवणारा हमाल घेऊ. आपल्याला तो बाजूनं दिसतो आहे.

पहिली आठ-दहा सेकंदं पेन्सिल कागदाला लावायचीच नाही. फक्त पाहायचं आणि मनात एक क्रियापद शोधायचं. ‘ढकलतोय’ हे पहिलं सुचेल, पण ते पुरेसं नाही. मराठीत ढकलणं, लोटणं आणि रेटणं असे तीन वेगळे शब्द आहेत, आणि तीन वेगळ्या पोझही आहेत. ढकलताना हातांनी काम भागतं, पाठ बऱ्यापैकी सरळ राहते. लोटताना एक झटका असतो, मग माणूस मोकळा. रेटताना जोर मागच्या पावलातून निघतो आणि सगळं अंग त्याच्यामागं लागतं. आपला हमाल रेटतो आहे. हा शब्द सापडला की अर्धं चित्र ठरलं.

मग पेन्सिलच्या टोकानं कागदावर दोन बारीक खुणा करा, एक डोक्याची आणि एक मागच्या पावलाची. आकृती कागदात मावेल याची ही तजवीज. दोन सेकंदांचं काम आहे, पण नवखे नेमकं हेच टाळतात आणि मग पावलं कागदाबाहेर जातात.

वीस सेकंदांपर्यंत मुख्य रेषा काढायची. तिला ॲक्शन लाइन म्हणतात. ती डोक्यापासूनच सुरू करायची असा काही नियम नाही, जोर जिथून निघतो तिथून सुरू करा. इथं मागच्या पावलाच्या चवड्यापासून निघून पोटरी, मांडी, कंबर, पाठ आणि डोकं, अशी एकच लांब तिरकी रेषा, जराशी धनुष्यासारखी वळलेली. ती बाह्यरेषा नाही, शरीराच्या आतून जाते. नेमकी कुठल्या हाडावरून जाते हे विचारण्यात अर्थ नाही.

पुढच्या पंधरा सेकंदांत छातीचा पिंजरा आणि कंबरेचा भाग. पिंजरा अंड्यासारखा, कंबर एका छोट्या पेटीसारखी. दोन्ही कुठल्या बाजूला कलले आहेत ते पाहा. मग त्यांना जोडणाऱ्या दोन बाजू: पाठीकडची ताणलेली, म्हणून एका लांब वळणाची, आणि पोटाकडची चिमटलेली, म्हणून आखूड आणि मध्ये मोडलेली. वाकलेल्या प्रत्येक शरीराला अशी एक ताणलेली आणि एक चिमटलेली बाजू असतेच. दोन्ही सारख्या काढल्या की माणसाची उशी होते.

पन्नास सेकंदांपर्यंत हातपाय. हात इथं जवळजवळ ताठ आहेत, म्हणून खांद्यापासून दांड्यापर्यंत एकच सरळ रेषा. कोपराशी थांबू नका. पुढचा गुडघा दुमडलेला, पाऊल कंबरेच्या पुढं.

शेवटची दहा सेकंदं जमिनीला. मागच्या चवड्याखाली एक छोटी रेषा, चढाच्याच तिरकेपणानं, आणि हाताखाली गाडीच्या दांड्याची एक. वेळ उरलाच तर चवडा जमिनीला टेकतो तिथं पेन्सिल थोडी दाबा. गजर झाला की थांबा, एक पंजा काढायचा राहिला असला तरी.

आता चित्र बघून एकच विचारा: गाडी काढून घेतली तर हा तोंडावर आपटेल का? आपटणार असेल तर चित्र जमलं. नसेल तर तो गाडीशेजारी उभा राहून फोटो काढून घेतोय.

ओळंबा

वजन कुठं आहे हे डोळ्याला पटकन कळायला लागेपर्यंत गवंड्याचा ओळंबा वापरा. गळ्याच्या तळाशी, हासळीच्या दोन्ही हाडांच्या मध्ये जी खळगी असते, तिच्यातून दोरा खाली सोडल्याची कल्पना करा, किंवा पेन्सिल हातात उभी धरून एक डोळा मिटून पाहा. माणूस दोन्ही पायांवर सारखा उभा असेल तर दोरा दोन पावलांच्या मधोमध पडतो. एका पायावर भार टाकून उभा असेल तर त्याच पायाच्या घोट्याजवळ. त्या बाजूची कंबर वर चढते, आणि तोल सांभाळायला त्याच बाजूचा खांदा सहसा खाली येतो. दुसरा गुडघा सैल होतो. दोरा पावलांच्या बाहेर पडत असेल तर तीन शक्यता: माणूस चालतोय, पडतोय, किंवा कशाला तरी टेकलाय.

ओझं असलं की हिशेब बदलतो, कारण मग माणूस आणि ओझं मिळून तोल राखला जातो. डोक्यावर पाटी असेल तर मान आणि पाठीचा वरचा भाग ताठ होतो, हालचाल सगळी कंबरेखाली. पोटाशी ढोल बांधलेला वादक मागं रेलतो. कडेवर पोर घेतलेल्या बाईची त्या बाजूची कंबर बाहेर येते आणि धड दुसरीकडं झुकतं. नवखे ओझं काढतात पण शरीर रिकाम्या हातांचं ठेवतात, मग पाटी थर्मोकोलची वाटते.

उकिडवं बसलेलं माणूस स्वतंत्रपणे काढून पाहा, कारण परदेशी पोझ-फोटोंत ते फारसं सापडत नाही आणि आपल्या बाजारात पावलोपावली दिसतं. समोरून पाहताना गुडघे छातीच्या पुढं येतात, मांड्या जवळजवळ दिसतच नाहीत. इथं लांबी मोजत बसण्यापेक्षा कुणाच्या पुढं कोण आहे ते ठरवा: आधी गुडघे, मग त्यांवर टेकलेले हात, मागं छाती, मागं खांदे. पुढच्याची रेषा अखंड, मागच्याची तिला येऊन थांबणारी. एवढ्यानं खोली आपोआप येते. साडी किंवा धोतरात पाय दिसत नाहीत तेव्हा गुडघा आणि पावलं शोधा. कापड गुडघा, कंबर, खांदा अशा टेकणाऱ्या जागांवरून ताणलेलं असतं, त्या जागेवरून निघणाऱ्या दोन-तीन चुण्या पुरतात. बाकीच्या निऱ्या नंतर कधीतरी.

रोजचा अर्धा तास

मोबाइलवर इंटरव्हल टायमर लावा, दोन चित्रांमध्ये दहा सेकंदांची फट ठेवून. सुरुवातीला हे प्रमाण पुरतं:

३० सेकंदांची ६ चित्रं
१ मिनिटाची ८
२ मिनिटांची ४
५ मिनिटांचं १

चोवीस मिनिटांत एकोणीस चित्रं होतात. मधल्या फटी आणि सुरुवातीच्या रेषा धरून अर्धा तास. आठवड्यातून पाच दिवस केलं तर पंचाण्णव.

तीस सेकंदांत ॲक्शन लाइन आणि वजनाचा पाय, बस्स. एका मिनिटात वर सांगितलेलं सगळं. दोन मिनिटांत कोण पुढं कोण मागं, धडाचा पीळ, हाताच्या पंजाचा ढोबळ आकार (बोटांसह नाही, मिटलेल्या हातमोज्यासारखा). पाच मिनिटांच्या चित्राची सुरुवात मात्र एक मिनिटाच्या चित्रासारखीच करायची, आणि उरलेल्या चार मिनिटांत प्रमाणं तपासायची: उभ्या माणसात पायांची लांबी उंचीच्या साधारण निम्मी, आणि पूर्ण उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी. इथंच सगळ्यात जास्त घसरण होते. पाच मिनिटं आहेत म्हटलं की हात पुन्हा डोक्याच्या गोलापासून बाह्यरेषा काढायला लागतो. म्हणून पाच मिनिटांच्या टायमरला पहिल्या मिनिटावर एक जादा घंटी लावा. ती वाजेपर्यंत अख्खा माणूस कागदावर आला पाहिजे.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटांचं चित्र वगळलंत तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिटाची दोन चित्रं आठवणीतून काढा: वीस सेकंदं पाहा, पाठ फिरवा, चाळीस सेकंदांत काढा. आधी भयंकर निघतात. पण बाहेर बसून काढायचं असेल तर याशिवाय गत्यंतर नाही, कारण रस्त्यावरचा माणूस तुमच्यासाठी थांबत नाही.

माणसं कुठून आणायची

सगळ्यात सोपं म्हणजे चार-पाच मित्रमैत्रिणींनी जमून आळीपाळीनं उभं राहायचं. पोझ देणाऱ्यानं ‘पोझ’ देऊ नये, काम करावं आणि मध्येच थांबावं: सायकलमध्ये हवा भरताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, एका पायावर तोल सांभाळत बूट घालताना, खो मिळताच उठताना. तोल जाईलशा पोझ तीस सेकंदांसाठी, टेकून किंवा बसून घेतलेल्या दोन ते पाच मिनिटांसाठी. कपडे अंगासरशी असू द्या. काढणाऱ्यानं दहा-बारा फूट लांब बसावं. त्याहून जवळ बसलं की डोकं पाहायला मान वर आणि पावलं पाहायला खाली करावी लागते, आणि अख्खी आकृती एका नजरेत येत नाही.

बाजारात, स्टँडवर काढताना एक युक्ती लक्षात ठेवा: एकच हालचाल पुन्हापुन्हा करणारी माणसं निवडा. इस्त्रीवाला, वडे तळणारा, रसवंतीवर चरकात ऊस घालणारा. यांच्या पोझ दर काही सेकंदांनी परत येतात. एका पानावर तीन-चार चित्रं एकदमच सुरू करा: ऊस घालताना वाकलेला, कांडी उचलताना वळलेला, ग्लास पुढं करताना ताणलेला. तो ज्या पोझमध्ये येईल त्या चित्रात एक-दोन रेषा घाला. पाच मिनिटांत तिन्ही पूर्ण होतात. पुण्यात गणपतीच्या आधी कितीतरी आठवडे संध्याकाळी ढोल पथकांच्या तालमी चालतात. तोच ठेका, तेच हात, तास-दीड तास. यापेक्षा चांगला मॉडेल पैसे देऊनही मिळायचा नाही. आणि ज्यांना मुळीच न हलणारं माणूस हवंय त्यांनी दुपारच्या लोकलमध्ये बसावं. पेंगणाऱ्या प्रवाशाची मान कलते तेव्हा खांदा कसा उचलला जातो हे तिथं निवांत पाहता येतं.

टक लावून पाहू नका, एकेक सेकंदाचे चोरटे कटाक्ष पुरतात. कुणी अवघडलेलं दिसलं तर दुसरीकडं वळा. कुणी बघायला आलं तर दाखवा.

फोटोंवरून काढायला हरकत नाही. लाइन ऑफ ॲक्शन, क्विकपोझेस अशा संकेतस्थळांवर ठरावीक सेकंदांनी फोटो आपोआप बदलतात. पण फोटोत दोन अडचणी आहेत. एक, जवळून घेतलेल्या मोबाइलच्या फोटोत पुढचा हात किंवा पाय वाजवीपेक्षा मोठा येतो. म्हणून लांबून घेतलेले, डोक्यापासून पावलांपर्यंतचे फोटो घ्या. दुसरी, फोटो स्थिर असतो त्यामुळं डोळा आळसावतो आणि कडा उतरवायला लागतो. यावर व्हिडिओ बरा. कबड्डीतला किंवा मल्लखांबाचा दहा सेकंदांचा तुकडा तीनदा पाहा, स्क्रीन बंद करा, मग काढा.

जमेल तेव्हा चित्रकार म. वि. धुरंधरांची (१८६७–१९४४) माणसं पाहा, विशेषतः मुंबईतल्या कष्टकऱ्यांची पोस्टकार्डं. प्रत्येक आकृतीत ओळंबा टाकून बघा, वजन कुठल्या पायावर आहे ते सांगता येतं.

हमखास होणाऱ्या चुका

केसाळ रेषा: एका रेषेऐवजी दहा छोट्या रेषा खरडून काढलेली कड. रेषा कुठं संपणार हे न ठरवताच सुरू केली की असं होतं. शेवटचा बिंदू आधी नजरेनं पकडा, मग ओढा. चुकली तर शेजारी दुसरी ओढा, पहिलीवर गिरवू नका.

काड्यांचा माणूस: याला काही जण जेश्चर समजतात. काड्यांत सांधे असतात, वजन नसतं. काडी जिथं आहे तिथं निदान एक वळण शोधा, कारण पाय सरळ दिसला तरी मांडी पुढं फुगते आणि पोटरी मागं.

सॉसेज: हाताच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर सारखे फुगवटे. खऱ्या हातापायांत एका बाजूचा फुगवटा वर तर दुसऱ्या बाजूचा खाली असतो. एक बाजू वळणाची काढलीत तर समोरची बरीचशी सरळ ठेवून बघा.

आणि एक चूक जरा शिकलेल्यांची: झोकदार, वळणदार, दिसायला फार देखण्या रेषा, ज्यांचा समोरच्या शरीराशी फारसा संबंध नसतो. प्रत्येक माणूस नाचणारा दिसतो. सोशल मीडियावर अशा चित्रांना भरपूर दाद मिळते म्हणून ही चूक लवकर सुटत नाही. तिच्यावर खालचा उपाय सोडून दुसरा आम्हांला माहीत नाही.

तपासणी: चित्र बघून पोझ घ्या

आपली चूक आपल्याला दिसत नाही याचं कारण साधं आहे. काढणाऱ्याच्या डोक्यात मूळ पोझ असते, त्यामुळं कागदावर नसलेलंही त्याला दिसतं. ज्यानं मूळ पाहिलेलंच नाही अशा माणसाला फक्त कागदावरचं दिसतं. म्हणून तपासणाऱ्यानं फोटो आधी पाहायचा नाही. तपासणीची सगळी गोम इथं आहे.

आठवड्यातून एकदा चार-पाच जण जमा. माणशी आठ-दहा मिनिटं पुरे. प्रत्येकानं आठवड्याचा गठ्ठा पालथा ठेवायचा आणि त्यातले तीन कागद दुसऱ्यानं ओढायचे. स्वतः निवडायला दिलं तर सगळे चांगलीच चित्रं आणतात, आणि चांगल्या चित्रांवर बोलण्यासारखं फारसं नसतं. प्रत्येक कागदावर कोपऱ्यात वेळ आणि तारीख हवी. तीस सेकंदांच्या चित्राला पंजा नाही म्हणून बोल लावण्यात अर्थ नाही.

पद्धत अशी. ज्याचं चित्र आहे तो गप्प. एक जण चित्र बघून तशीच पोझ स्वतः घेतो, बाकीचे त्याच्या अंगाकडं पाहतात. मग त्याला एकच प्रश्न: आत्ता कुठलं पाऊल सहज उचलता येईल? ज्यावर वजन आहे ते उचलता येत नाही. यानंतर प्रत्येकानं एकच निरीक्षण सांगायचं, आणि मग मूळ फोटो उघडायचा.

उदाहरण घेऊ. मूळ फोटोत एसटी स्टँडवर उभा असलेला माणूस आहे. भार उजव्या पायावर, डावा गुडघा सैल, उजवी कंबर वर, उजवा खांदा खाली. चित्र एक मिनिटाचं. काढणाऱ्याला ते बरं वाटतंय, कंटाळलेला माणूस उतरलाय असं वाटतंय. तपासणारा चित्राप्रमाणे उभा राहतो आणि होतं काय, तर शाळेतल्या पीटीच्या तासाचा ‘विश्राम’. पावलं फाकलेली, खांदे आडवे, कंबर आडवी. कुठलं पाऊल उचलता येईल? कुठलंच नाही, आधी कुठं तरी कलावं लागेल. आता चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा (मूळ चित्रावर दुसऱ्यानं कधीच रेषा काढू नये) आणि गळ्याच्या खळगीतून ओळंबा टाकायचा. तो दोन पावलांच्या मध्ये पडतो. मोबाइलवरच्या फोटोत तोच दोरा उजव्या टाचेवर येतो. दुरुस्ती एकच: उजवं पाऊल गळ्याखाली आणा. कंबरेचा आणि खांद्याचा तिरकेपणा त्याच्या मागोमाग येतो. ट्रेसिंग पेपरवर तीन रेषांत ते दाखवायचं, आणि काढणाऱ्यानं लगेच तिथंच, साठ सेकंद लावून, तेच चित्र पुन्हा काढायचं. हे पुन्हा काढणं वगळलं तर तपासणी म्हणजे नुसत्या गप्पा.

उजवा-डावा बोलताना नेहमी चित्रातल्या माणसाचा उजवा-डावा म्हणायचा, कागदाचा नाही. हे आधी ठरवलं नाही तर अर्धा वेळ ‘कुठला उजवा?’ यात जातो.

‘छान’, ‘मस्त’, अंगठा, हे काही उपयोगाचे नाहीत. आपल्याकडं समोरच्याला वाईट वाटेल म्हणून ‘छान आहे, फक्त थोडं प्रपोर्शन बघा’ असं मोघम बोलायची पद्धत आहे. त्यातून काय बघायचं ते कळत नाही. ‘मान चुकली’ हेही अपुरं. ‘मला हा वर बघतोय असं दिसतं, कारण हनुवटी खांद्याच्या रेषेच्या बरीच वर आहे’ असं सांगितलं तर काढणाऱ्याला पडताळून पाहता येतं. दिसतं काय आणि कशामुळं, एवढं बोला. काय करायला हवं होतं ते फोटो उघडल्यावर.

गटात एखादे सर किंवा अनुभवी ताई असतील तर त्यांनी सगळ्यांत शेवटी बोलावं. ते पहिल्यांदा बोलले की बाकीचे माना डोलवतात आणि स्वतः पाहायचं थांबवतात. सगळ्यांत नवख्या माणसाला पहिली संधी द्या. त्याला शरीरशास्त्र येत नसतं, त्यामुळं तो जे दिसतं तेच बोलतो.

भेटता येत नसेल तर व्हॉट्सॲपवरही जमतं. चित्राचा फोटो खिडकीच्या उजेडात घ्या, मोबाइल कागदाला समांतर धरून, नाहीतर तिरकेपणामुळं आकृतीचं प्रमाण बिघडतं. आधी फक्त चित्र टाका, कोपऱ्यातल्या वेळेसकट. इतरांनी त्यावरून पोझ घेऊन स्वतःचा फोटो टाकायचा. मूळ फोटो संध्याकाळी. दोन फोटो शेजारी ठेवले की पुष्कळदा लिहून सांगायची वेळच येत नाही.

एका बैठकीतून एकच दुरुस्ती घरी न्या. पाच सांगितल्या गेल्या असतील तर ज्यामुळं वजनात फरक पडतो ती निवडा, आणि पुढच्या आठवड्याच्या पहिल्या कागदावर एका शब्दात लिहा: ‘ओळंबा’, ‘चिमटलेली बाजू’, ‘जमीन’. त्या आठवड्यात बाकीच्या चुका होऊ द्या.

अजून एक काम पहिल्याच दिवशी उरकून टाका. पाच फोटो निवडा: एक उभा, एक बसलेला, एक ओझं घेतलेला, एक उकिडवा, एक धावणारा. प्रत्येकाचं एक मिनिटाचं चित्र काढून, तारीख घालून ते पाकिटात बंद करा आणि फोटो पुन्हा उघडू नका. अठ्ठाविसाव्या दिवशी तेच पाच फोटो, तेवढाच वेळ. मग दोन्ही गठ्ठे गटातल्या दुसऱ्या कुणाला तरी तारखा झाकून द्या आणि पोझ घ्यायला सांगा.